इंग्रजीतून सोडलेली सोयरीक

धरण कॅम्प, पाटणच्या वरचा घाट
१२ जानेवारी १९५७

तीर्थरूप मायला ग्यानबाचा दंडवत.

मी खुशाल हाय. हे पत्र तुला बन्सीधर वाचून दावील. बन्सीधर, तुझं दुकान पिंगळी टेसनाच्या तोंडावर हाय, म्हून वाचताना आवाज जरा बारीक ठेव. मागलं पत्र म्हणे गाडीची वाट बघणाऱ्यांनी बी ऐकलं.

माय, इथं थंडी लय. डोंगरात बोगदा पाडायलेत. मी ड्रिलवर हाय. ड्रिल म्हंजी खडकाला भोक पाडायची मशीन. दिसभर धरली की जेवताना बी हात थरथरतो, अन् आमटी ताटाबाहेर जाती. तरी मनमाडच्या हमालीपरीस बरं, अन् भुसावळच्या कोळशापरीस लयच बरं. तू म्हणशील ह्या पोराच्या पायाला चक्कर हाय. पण इथं टिकलोय बघ, दुसरा हिवाळा चालू हाय.

इथं समदं काम इंग्रजी शब्दावर चालतंय. मी कसाबसा चौथीपस्तोर गेलेला, त्यात बी उर्दूच्या तासाला मेंढरामागं पळायचो. पण पिंटो म्हणून एक गोव्याकडला टायमकीपर हाय, त्याला शिकवायची हौस. त्यानं मला एक गंमत सांगितली. आपल्यात काम सरलं म्हंजी सरलं. ह्यांच्यात सरायला शब्दच शब्द, अन् एकाच्या जागी दुसरा चालत न्हाई. स्टॉप म्हणलं तर काम थांबलंय, पण पुन्हा निघणार. क्लोज म्हणलं तर दार लावलंय, उघडायचं का न्हाई ते सायब बघतील. पाळी झाली की ओव्हर. गेटाच्या पासाची मुदत गेली की पास एक्स्पायर. पिंटो म्हणतो माणूस बी एक्स्पायर होतो. मी म्हणलं, आमच्याकडं माणसाला पास नसतो. लय हासला. अन् फिनिश म्हंजी काम नीट पार पडलं, कुणाचं कुणाकडं काई ऱ्हायलं न्हाई, कुणाला दोष न्हाई, हात धुवा अन् चला.

हे सांगायचं कारण, तू पेडगावच्या सोयरिकीचं विचारलंस. आश्रुबामामा औंदा उन्हाळ्यात लेकीचं लगीन धरा म्हणत्यात. मला औंदा जमत न्हाई. त्यांना म्हणावं, सोयरीक मोडली न्हाई, स्टॉप हाय. एवढं एक साल जाऊ द्या.

तुझा
ग्यानबा

*

पिंगळी
८ फेब्रुवारी १९५७

चि. ग्यानबास बन्सीधरचा रामराम. खालचं समदं तुझ्या मायच्या तोंडचं हाय. मधी मी बोललो तर तसं लिहीन.

लेकरा ग्यानबा, तुझ्या शब्दांनी गावात लय धिंगाणा घातलाय. तुला ठावं हाय, आपल्यात बाईमाणसानं संपलं म्हणू न्हाई. पीठ संपलं तर पीठ आणायला झालं म्हणावं. बांगडी फुटली तर वाढली म्हणावं. दिवा विझवू न्हाई, शांत करावा. मी नवी नवरी असताना एकदा मीठ सरलं म्हणले, तर सासूनं माझ्या तोंडावर हात ठिवला होता, पिठाचा. आता शेजारची तानुबाई काय करती, डब्यात हात घालती अन् म्हणती, फिनिश. मी म्हणलं, अगं अपशकुन लागंल. तर म्हणती, इंग्रजीत लागत न्हाई, लक्षुमीला इंग्रजी कुठं कळतंय. आता समद्या आळीत तेच चाललंय. कुणाचं तेल फिनिश, कुणाचं सरपण फिनिश.

(बन्सीधर: काकूंचा गूळ बी परवा फिनिश झाला. मी दिला.)

त्यानं मधी लिवलं वाटतं. लिवू दे. निजामाचं राज गेलं तवा मातर बाया बी संपलं, संपलं म्हणत हिंडल्या. तवा कुणी कुणाच्या तोंडावर हात ठिवला न्हाई.

आता कामाचं ऐक. आश्रुबा आले होते. मी चहा केला अन् तुझा स्टॉप सांगितला. चहा तसाच खाली ठिवला त्यांनी. म्हणले, "पोरगी काय मालगाडी हाय का, शिग्नल पडला म्हून उभी करायला?" मी म्हणलं, भाऊ, एक साल. ते म्हणले, "गेल्या साली बी एक सालच होतं." अन् खरंच तेच होतं.

लेकरा, त्यांच्या भिवराच्या कपाळाला आपल्या हातचं कुंकू लागलंय. आपल्या लोकांत, नवरदेवाकडून तोंडानं सोडल्याबिगर पोरगी मोकळी होत न्हाई. अन् जो मोडील त्याला पुन्हा आपल्यात पोरगी देत न्हाईत. पोरीला बी मोडलेली म्हणत्यात, मग कुणी बिजवर येतो, कुणी म्हातारा. मी तुला रागावत न्हाई. पण एक काय ते सांग. येतो म्हण, न्हाई तर न्हाई म्हण.

तुझी माय
कासाबाई

*

धरण कॅम्प
२० मार्च १९५७

तीर्थरूप मायला दंडवत.

पत्र उशिरा लिवतोय. इथं एक गोष्ट झाली. सुरुंगाला बत्ती दिली की समदे बाहीर येतात. समदे सुरुंग उडाले, बघून झालं, की मुकादम ओव्हर म्हणून वरडतो. तवाच आत जायचं. मधी कुठला सुरुंग अडकला तर तो स्टॉप म्हणतो. एक कराडकडचा गडी स्टॉप झालं की ओव्हर झालं समजून आत गेला. दगड खांद्याला लागला. वाचला, पण हात आता वर जात न्हाई. पिंटो म्हणला, बघ ग्यानबा, मी उगं शिकवत नसतो.

माय, आता बातमी. आमचा फोरमन तिकडं उत्तरेला दुसऱ्या धरणावर जायलाय. आपल्या हाताखालची चार माणसं संगं नेणार, त्यात माझं नाव घेतलंय. म्हणतो, तिथं बर्फाचं पाणी अडवायचंय. मी बर्फ बघितला न्हाई. दोन वरसं तरी लागतील. तिथून आलो की मला कुठं बी मिस्त्री म्हून घेतील.

तू एक सांग म्हणतीस. मला एक सांगता येत न्हाई. भिवराला न्हाई म्हणावं असं वाटत न्हाई. आत्ताच यावं असं बी वाटत न्हाई. इथं डोंगराच्या एका अंगानं आमी खोदायलाव, पल्याडनं दुसरी टोळी खोदायलीय. रोज वाटतं, आज पल्याडचा उजेड दिसंल. ते सोडून कुरणात मेंढरामागं उभं ऱ्हायचं म्हणलं की पाय वळत न्हाईत.

सोयरीक मोडू नको, अन् लगीन बी धरू नको. मामांची समजूत तू घाल. तुला माझ्यापरीस जास्त कळतं. तुला सुचंल तसं कर, मला मंजूर हाय.

तुझा
ग्यानबा

*

पिंगळी
९ मे १९५७

चि. ग्यानबास बन्सीधरचा रामराम. आज मी मधी बोलणार न्हाई. काकूंनी दुकानातली समदी माणसं बाहीर घालवून मग लिवायला बसवलंय.

लेकरा, तू म्हणलास सुचंल तसं कर. मला जे सुचलं ते केलं. ते सांगते.

मी सकाळच्या गाडीनं पेडगावला गेले. आश्रुबाच्या घरी सोयरे जमले होते, जावळ होतं कुणाचं तरी. भिवरानं मला पाणी दिलं. पाया पडली. मी तिच्याकडं बघितलं, लेकरा. अंगानं भरलीय. पयले तोंड वर करून बोलायची, आता न्हाई बोलत. तिच्या बरोबरीच्या पोरी कडेवर लेकरं घेऊन बसल्या होत्या, अन् ही समद्यांना पाणी देत हिंडत होती. घरच्या पोरीवाणी बी न्हाई अन् पाव्हणीवाणी बी न्हाई.

आश्रुबानं समद्यांपुढं विचारलं, "काय म्हणतोय जावई?" जावई म्हणताना समदे हासले. मला ते हासणं सोसलं न्हाई. मी सांगितलं, पोरगा आणखी लांब जायलाय. ते म्हणले, "मंग आमी काय समजावं?"

मोडली म्हणायला मी तोंड उघडलं. निघंना. तुझ्या बापाच्या माघारी मी समदं बोलले, समदं केलं, पण हा शब्द माझ्या तोंडून निघंना. मोडली म्हणलं की तो तिला बी चिकटतो अन् तुला बी. मग मला तुझाच शब्द आठवला. मी म्हणलं, "भाऊ, फिनिश."

आश्रुबा म्हणले, "म्हंजी काय?" मी तुझ्या पत्रातलं जसंच्या तसं सांगितलं. काम नीट पार पडलं. कुणाचं कुणाकडं काई ऱ्हायलं न्हाई, कुणाला दोष न्हाई. पोरगी मोकळी हाय, अन् तिला कुणी मोडलेली म्हणायचं न्हाई, कारण म्या तसं म्हणलेच न्हाई.

बसलेल्यांतला एक म्हातारा पुटपुटला की हे असलं आजवर ऐकलं न्हाई. पण आश्रुबानं मान हलवली. भिवरा चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. येताना माझ्या पदरात भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या.

देवगाव फाट्याकडचं एक घर विचारायलंय. पोरगा तुझ्याच वयाचा हाय, मेंढरं हायेत, थोडी जमीन हाय. ज्येष्ठात धरतील.

तू बर्फ बघून ये. डोक्याला बांधत जा.

तुझी माय
कासाबाई

*

धरण कॅम्प
२४ मे १९५७

बन्सीधर, हे पत्र तुला हाय. मायला वाचून दाखवू नको. दुकानात तर मुळीच न्हाई.

मायचं पत्र आलं त्या दिशी मी कामावर गेलो न्हाई. पिंटो बघायला आला. त्याला समदं सांगितलं. म्हणला, तुझ्या आईनं शब्द बरोबर वापरला. त्याला मी तोंडावर म्हणलं, तू गप बस.

मी फोरमनला न्हाई म्हणून सांगितलं. उत्तरेला जात न्हाई. तो म्हणला, "तीन म्हयने माझ्या मागं लागला होतास ना?" होतो. पण मायचं पत्र वाचताना, भिवरानं पाणी दिलं, समद्यांना पाणी देत हिंडत होती, तिथं आलो अन् मला पुढं वाचताच येईना.

मी तिला दोनदाच बघितलंय. एकदा कुंकवाच्या दिशी, तवा मान खाली होती. दुसऱ्यांदा पेडगावच्या शिवारात. मी आमची मेंढरं घेऊन चाललो होतो, अन् एक कोकरू बाभळीच्या कुपाटीत अडकलं होतं. मी काठीनं कुपाटी सारायलो होतो. ही पलीकडून आली, सरळ हात घातला, लोकर काट्यावरनं उलट्या अंगानं सोडवली अन् कोकरू काढलं. हाताला रक्त आलं. म्हणली, "काठीनं निघत न्हाई, जवळ यावं लागतं." अन् निघून गेली. मी एवढ्या सालात ते कुणाला सांगितलं न्हाई.

आता ऐक. मायच्या इंग्रजीनं सोयरीक सुटत न्हाई. आपल्यातली रीत तुला ठावं हाय. नवरदेवानं आपल्या बोलीत मोडली म्हणलं तरच ती मोडती. मी म्हणलेलो न्हाई. म्हंजी कुंकू अजून माझंच हाय. पंच माझ्या बाजूनं बोलतील. मी येतो अन् ज्येष्ठातच लगीन लावतो. देवगावकडच्यांना सांग, दुसरं घर बघा.

तू पेडगावला निरोप धाड. मी पुढच्या आठवड्यात निघतो. तुझं पत्र आलं की लगेच.

ग्यानबा

*

पिंगळी
६ जून १९५७

ग्यानबा, रामराम.

निरोप धाडायची पाळी आली न्हाई. तू म्हणतोस तेच पंचांनी आधीच म्हणलंय. देवगाव फाट्याची माणसं सुपारी फोडायला आली, तर पेडगावचे पंच म्हणले की कासाबाईनं सोडलं ते कुठल्या तरी सायबाच्या बोलीत सोडलं, ती आमच्या बैठकीत चालत न्हाई. नवरदेवाचा शब्द आणा. देवगावकडचे म्हणले, आमी थांबतो, पण ज्येष्ठ गेला की थांबणार न्हाई. सुपारी तशीच परत गेली.

तुझी माय त्या दिसापासून कुठं निघत न्हाई. तिला वाटतं, पोरीला अलगद सोडवायला गेले अन् उलट आणखीच अडकवून ठिवलं. मी समजूत घातली. काकू म्हणल्या, "एवढा एक शब्द, म्हणून टाकायला पायजे होता." मी म्हणलं, पंचांना चालो न चालो, आता तरी म्हणा. तोंडात पदर धरून उठून गेल्या.

आता जे लिवतो ते नीट वाच. परवा भिवरा माझ्या दुकानात आली. तिची मावशी इथं दिलेली हाय, तिच्यासंगं. मावशीला बाहीर बाकड्यावर बसवलं अन् एकटीच आत आली.

म्हणली, "भाऊ, त्यांना पत्र तुमीच लिवता ना?"

मी हो म्हणलं.

"त्यांचे शब्द मला समदे ठावं हायेत. तुमी मोठ्यानं वाचता, मावशी ऐकती, मावशी येऊन सांगती. स्टॉप बी ठावं हाय. दोन साल मी त्याच्यातच काढले."

मला लाज वाटली, खरं सांगतो. मी म्हणलं, ग्यानबा यायलाय. तुझं पत्र मी दाखवलं न्हाई, फक्त एवढंच सांगितलं, की तो उत्तरेला जाणार न्हाई, परत येणार हाय, अन् लगीन करणार म्हणतोय.

ती मापाच्या पितळी शेरावर बोट फिरवत ऱ्हायली. मला वाटलं रडंल. रडली न्हाई. म्हणली, "गेल्या उन्हाळ्यात आले असते तर मी काई विचारलंच नसतं. हासत आले असते. ह्या उन्हाळ्यात देवगावकडचा तो घरी आला होता. त्यानं मला विचारलं. बापाला न्हाई, मला. म्हणला, तुला तिकडंच जायचं असंल तर मी उठून जातो, वाईट मानणार न्हाई. मला आजवर असं कुणी विचारलं न्हाई, भाऊ. मी हो म्हणलंय."

मग म्हणली, "पंच त्यांच्या बाजूनं हायेत. ते आले तर बाप मला देईल, अन् मी नांदंन बी. पण त्यांना म्हणावं, मायनं जे इंग्रजीत म्हणलं ते मराठीत लिवा. चार ओळी असल्या तरी चालतील."

जाताना मावशीसाठी साखर घेतली.

ग्यानबा, मी तुझ्यासंगं शाळेतून पळालेला माणूस, तुला काय शिकवू. तू गाडीतून उतरलास तर भिवरा तुझी हाय, हे बी खरं. तू लिवलंस तर आपल्या लोकांत तुला पुन्हा कुणी पोरगी देणार न्हाई, हे बी खरं. ज्येष्ठ चाललाय. यायचं का लिवायचं ते तुझं तू बघ.

बन्सीधर

*

धरण कॅम्प
१३ जून १९५७

पेडगावचे आश्रुबा यांना ग्यानबाचा नमस्कार.

पयल्या कागदावर मामा लिवलं होतं. तो फाडून हा दुसरा घेतला. हे पत्र पंचांपुढं वाचावं. बन्सीधरनं न वाचता पंचांपैकीच कुणी तरी वाचावं.

माझी माय तुमच्या घरी येऊन जे बोलली ते माझ्या बदली बोलली. मीच तिच्यावर टाकलं होतं. ती दुसऱ्या बोलीत बोलली, कारण तुमच्या लेकीला अन् मला, दोघांना बी डाग लागू न्हाई असं तिला वाटलं. तिची काई चूक न्हाई. पण पंच म्हणतात ते बरोबर हाय. जे मी बोलायला पायजे ते मीच बोललं पायजे.

तुमची लेक भिवराबाई हिच्यासंगं झालेली माझी सोयरीक मी मोडली. मी मोडली. तिनं न्हाई, तुमी न्हाई, माझ्या मायनं न्हाई. पोरीत काई खोट न्हाई. दोन साल ती बोलीला जागली, मी जागलो न्हाई. तिला कुणी मोडलेली म्हणलं तर त्याला हा कागद दाखवा. मोडणारा मी हाय, नाव ठिवायचं तर मला ठिवा. आपल्या लोकांत मोडणाऱ्याला पोरगी देत न्हाईत, ते मला ठावं हाय अन् कबूल हाय.

देवगाव फाट्याच्या माणसांनी सुपारी फोडावी. लगनाला माझ्या मायला बोलवा. आपण होऊन ती येणार न्हाई. बोलवलंत तर भाकरी थापायला बी बसंल. एवढं माझ्यासाठी करा.

मी इथंच हाय. फोरमन उत्तरेला गेला. पिंगळीकडं बी एवढ्यात येत न्हाई.

भिवराबाईला निराळा निरोप न्हाई. तिनं जे मागितलं होतं ते वर लिवलंय.

ग्यानबा
स्वतःच्या हातानं लिवलं